पंधरा हजारांच्या वेतनवाढीतले हातात किती पडणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, २४० कायम कामगार, अंतर्गत संघटना. आधीचा वेतन करार संपून अकरा महिने झाले. व्यवस्थापनाने तीन वर्षांसाठी सीटीसीवर, म्हणजे एका कामगारामागे कंपनीला येणाऱ्या एकूण खर्चावर, महिन्याला १५,००० रुपयांची वाढ देऊ केली आहे. टप्पे ६०-२०-२०, म्हणजे पहिल्या वर्षी वाढीचे ६० टक्के, पुढच्या दोन वर्षी २०-२० टक्के. बदल्यात बारा टक्के उत्पादनवाढ. मागच्या अकरा महिन्यांच्या फरकापोटी एकरकमी २५,०००, आणि तीन वर्षे मोजायची ती सहीच्या तारखेपासून. कमिटीत दोन तट पडले आहेत. शेजारच्या कंपनीत १७,००० चा करार झाला, मग आपण कमी का घ्यायचे, असे काहींचे म्हणणे. बाजार थंड आहे, मिळते आहे ते पदरात पाडून घ्या, असे बाकीच्यांचे. सही करावी का?

आहे त्या स्वरूपात सही करू नका, आणि प्रस्ताव फेटाळूनही लावू नका. १५,००० हा आकडा वाईट नाही. त्याची मांडणी वाईट आहे, आणि ती बदलून घेण्याइतकी जागा अजून तुमच्याकडे आहे. मी बरीच वर्षे संघटनांच्या बाजूने वाटाघाटींना बसतो आहे. तुमच्या कमिटीत चालला आहे तो वाद प्रत्येक कारखान्यात होतो आणि जवळजवळ नेहमी चुकीच्या आकड्यावरून होतो.

करार झाला की गेटवर गुलाल उधळतात, पेढे वाटतात, फ्लेक्स लागतो. फ्लेक्सवर असतो सीटीसीचा आकडा. घरात येतो तो पगाराच्या स्लिपवरचा, आणि निवृत्तीच्या दिवशी हिशोबाला धरतात तो मूळ पगार आणि महागाई भत्ता. हे तीन आकडे वेगवेगळे आहेत, आणि कामगाराचे पुढचे आयुष्य तिसऱ्यावर उभे असते.

तुम्ही पाठवलेला तक्ताच घेऊ. मूळ पगारात २,०००, स्थिर महागाई भत्त्यात १,०००, घरभाड्यात २,०००, आणि शिक्षण, प्रवास, धुलाई वगैरे भत्ते मिळून ५,४००. इथवर झाले १०,४००. पुढे कंपनीचा पीएफचा हिस्सा, ३,००० वर १२ टक्क्यांनी ३६०. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची, तरतूद १४४. दिवाळीच्या सानुग्रह रकमेतली वाढ महिन्यावर वाटून १,६००. उरलेले सुमारे २,५०० म्हणजे मेडिक्लेमचा हप्ता, कॅन्टीन आणि बस. झाले १५,०००. स्लिपवर वाढणार १०,४००. त्यातून कामगाराचा स्वतःचा पीएफ ३६० जाणार, राहिले १०,०४०. तेही तिसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी हातात वाढ साधारण ६,००० ची.

यात कंपनी खोटे बोलते आहे असे नाही. तिच्या वहीत हा सगळा खर्चच आहे. पण कॅन्टीनच्या ठेकेदाराने दर वाढवले किंवा डिझेल महागले म्हणून बसचे बिल वाढले, तर ती कामगाराची वेतनवाढ कशी? मालवाहतुकीचे ट्रक महाग झाले तर तो खर्च कोणी कामगारांच्या करारात टाकत नाही. बस आणि कॅन्टीन ही कारखाना चालवण्याची साधने आहेत. म्हणून पुढच्या बैठकीत पहिली मागणी ही ठेवा: हे २,५०० तक्त्यातून बाहेर काढा आणि ती जागा पगाराला द्या. पूर्ण मान्य होणार नाही. अर्धे जरी निघाले तरी २४० घरांत ते दर महिन्याला जाणार आहेत.

मेडिक्लेमबद्दल इथेच सांगतो, कारण या कलमाने अनेक घरे अडचणीत आलेली मी पाहिली आहेत. करारात ‘प्रति कामगार वार्षिक अमुक रुपये हप्ता कंपनी भरेल’ असे लिहू देऊ नका. दुसऱ्या वर्षी दाव्यांचे प्रमाण वाढले की विमा कंपनी हप्ता वाढवते. मग मनुष्यबळ विभाग म्हणतो, ठरलेली रक्कम संपली, आता आई-वडिलांना वगळा नाहीतर फरक तुम्ही भरा. कागदावर त्यांचे बरोबर ठरते. म्हणून हप्ता न लिहिता संरक्षण लिहा: किती लाखांचे, पत्नी, मुले आणि आई-वडील धरून, खोलीभाड्याला मर्यादा आहे का, बिलातला काही टक्के भाग कामगाराने भरायचा आहे का, आणि हे सगळे कराराच्या पूर्ण मुदतीत जसेच्या तसे राहील हे वाक्य.

आता शेजारच्या १७,००० कडे येऊ. टप्प्यांचा हिशोब प्रत्येक सभासदाला फळ्यावर मांडून दाखवा. ६०-२०-२० मध्ये पहिले ६० टक्के ३६ महिने मिळतात, पुढचे २० टक्के २४ महिने आणि शेवटचे २० टक्के १२ महिने. बेरीज केली तर पूर्ण वाढीचे २८.८ महिने होतात. तीच वाढ तीन समान टप्प्यांत दिली तर २४ महिने. तुमचे १५,००० तीन वर्षांत ४,३२,००० होतात. शेजाऱ्यांचे १७,००० जर समान टप्प्यांत असतील तर ४,०८,०००. पुढचा करार सुरू होताना त्यांचा पाया २,००० नी उंच असेल हेही खरे, पण ‘ते जिंकले, आपण हरलो’ असे म्हणण्याआधी त्यांचे टप्पे विचारून घ्या. व्यवस्थापन मोठ्या आकड्याच्या बदल्यात टप्पे बदलायला सहज तयार होते, त्याचे कारण हेच आहे.

तुमच्या प्रस्तावातली सगळ्यात महाग ओळ मात्र तारखेची आहे. पहिल्या टप्प्यात स्लिपवर ६,२४० वाढणार. अकरा महिन्यांचा फरक होतो ६८,६४०, आणि देऊ केले आहेत २५,०००. शिवाय ही एकरकमी रक्कम म्हणजे मूळ पगाराचा फरक नव्हे, त्यामुळे त्यावर पीएफ नाही. तेवढ्यावर भागत नाही. करार मागच्या कराराच्या समाप्तीच्या दुसऱ्या दिवसापासून धरला तर दुसरा टप्पा पुढच्याच महिन्यात लागू होतो आणि पुढचा करार अकरा महिने आधी येतो. सहीच्या तारखेपासून धरला तर तुमचा तीन वर्षांचा करार प्रत्यक्षात जवळजवळ चार वर्षांचा होतो. वाटाघाटी एक महिना लांबल्या की २४० कामगारांमागे कंपनीचे सुमारे १५ लाख वाचतात. बैठका पुढे का ढकलल्या जातात, साहेब नेमके त्याच आठवड्यात दौऱ्यावर का असतात, याचे उत्तर बहुधा या गुणाकारात असते. आकडा थोडा खाली आला तरी चालेल, तारीख सोडू नका. निदान सहा महिने मागे नेता आले तरी ती मोठी कमाई आहे.

सभासदांच्या मनात आणखी एक भीती असते: करार संपला, आता जुन्या सवलती बंद करतील. तसे होत नाही. मुदत संपली तरी, करार संपवत असल्याची लेखी नोटीस दिल्यावर साठ दिवस होईपर्यंत तो बंधनकारक राहतो. आणि त्यानंतरही नवा करार किंवा निवाडा येईपर्यंत जुन्याच सेवाशर्ती चालू राहतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या खटल्यात सांगितले आहे. हे गेटसभेत स्पष्ट सांगा. घाबरलेला सभासद कमिटीला सहीकडे ढकलतो.

आता सगळ्यात महत्त्वाचे. १०,४०० पैकी मूळ पगार आणि महागाई भत्त्यात फक्त ३,००० का? ग्रॅच्युइटीचे सूत्र साधे आहे: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५ भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. मूळ पगारात ३,००० जास्त असतील तर तीस वर्षे सेवा झालेल्या माणसाला निवृत्तीला सुमारे ५२,००० जास्त मिळतात. तेच ३,००० धुलाई आणि प्रवास भत्त्यात टाकले तर आजवरच्या पद्धतीने त्या सूत्रात शून्य; नव्या कायद्याने यात काय बदलले ते पुढे सांगतो. पीएफमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून महिन्याला ७२० जमा झाले असते, तेही नाहीत. घरभाडे भत्ता मूळ पगाराच्या टक्क्यांत असेल तर तोही वाढला असता. वार्षिक वेतनवाढ टक्क्यांत असेल तर तीही.

व्यवस्थापन म्हणेल, मूळ पगारात टाकले तर आमचा खर्च वाढतो. वाढतो, पण किती? १२ टक्के पीएफ आणि ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे ३,००० मागे महिन्याला ५०४ रुपये. एवढ्यासाठी कोणी बैठक मोडत नाही. खरी अडचण ते बोलून दाखवत नाहीत. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर आणि पूर्ण सेवेसाठी मिळते, त्यामुळे आज मूळ पगार वाढवला की मागच्या सगळ्या वर्षांचा बोजा एका दिवसात वाढतो. तुमच्याकडे सरासरी सेवा अठरा वर्षे धरली तर ३,००० मागे माणशी ३१,००० आणि २४० जणांचे मिळून सुमारे ७५ लाख. हा आकडा त्या वर्षीच्या ताळेबंदात दिसतो आणि पुण्यातल्या साहेबाला तो मुख्यालयाला समजावून सांगावा लागतो. हे लक्षात आले की तोडही सापडते: तीन वर्षांत तीन भाग करून दर वर्षी १,००० भत्त्यातून मूळ पगारात न्या. बोजा तीन ताळेबंदांत विभागला जातो आणि समोरच्या माणसाला होकार देणे सोपे होते.

आता कायद्याचीही साथ आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे) लागू झाल्या, आणि त्यांत वेतनाची व्याख्या एकच केली आहे. घरभाडे, प्रवास असे वगळायचे भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनातच धरायची. तुमची आजची स्लिप ४२,००० ची आहे आणि त्यात मूळ पगार व महागाई भत्ता १७,०००. वाढीनंतर स्लिप ५२,४०० आणि हे दोन मिळून २०,०००. निम्मे होतात २६,२००. म्हणजे ढोबळ मानाने ६,२०० रुपये करारात काहीही लिहिले तरी वेतन म्हणून मोजावे लागतील. ‘ग्रॅच्युइटीचा बोजा वाढेल’ हे कारण त्यामुळे पूर्वीइतके टिकत नाही. पीएफचे मात्र वेगळे आहे. त्याची कायदेशीर मर्यादा २०१४ पासून १५,००० आहे. त्यावरच्या पगारावर कंपनी हिस्सा भरते ती करारामुळे किंवा प्रथेमुळे. तेव्हा ‘पीएफ पूर्ण मूळ पगार व महागाई भत्त्यावर’ हे शब्द करारात हवेतच. नव्या व्याख्येचा आधार घेऊन कोणी १५,००० वर खाली आणू पाहील, तर ते शब्द तुमच्या कामी येतील.

एक गोष्ट सभासदांना सरळ विचारा. मूळ पगार वाढला की हातातली रक्कम थोडी कमी होते. सत्तावीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर फ्लॅटचा हप्ता असतो, त्याला आज रोख हवी असते. पन्नाशीच्या माणसाला ग्रॅच्युइटी दिसत असते. दोघांचेही खरे आहे. माझे मत विचाराल तर निम्मी वाढ मूळ पगार आणि महागाई भत्त्यात, निम्मी भत्त्यांत, ही मांडणी दोघांनाही सांभाळून घेते.

महागाई भत्त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या तक्त्यात तो ‘स्थिर’ आहे. स्थिर महागाई भत्ता म्हणजे नुसते नाव. महागाई वाढली म्हणून तो वाढत नाही. मुंबईच्या गिरण्यांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात महागाई भत्ता राहणीमानाच्या निर्देशांकाला जोडला गेला, आणि त्या काळच्या कामगार चळवळीची ती फार मोलाची कमाई होती. गेल्या काही दशकांत आपल्या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांत एकामागून एक ती जोड सुटली. कोणी जबरदस्तीने काढली नाही. प्रत्येक करारात थोडी जास्त एकरकमी वाढ घेऊन ती विकली गेली. सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात १९९१ मध्ये सांगितले होते की, चालत आलेली निर्देशांकाधारित महागाई भत्त्याची योजना मालकाला कामगारांच्या नुकसानीने आपल्या मर्जीने मोडता येत नाही. न्यायालयाने वाचवलेली गोष्ट आपणच सहीने सोडून दिली, याचे मला अजून वाईट वाटते.

तुम्हाला ती पुन्हा मिळवायची असेल तर कलम नीट लिहावे लागेल. औद्योगिक कामगारांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची आजची मालिका २०१६ बरोबर १०० अशी, म्हणजे २०१६ सालची पातळी १०० धरून मोजलेली आहे. अनेक जुन्या करारांत अजून १९६० ची मालिका असते. सध्याच्या मालिकेचा एक बिंदू १९६० च्या मालिकेत नेताना २.८८, ४.६३ आणि ४.९३ यांनी गुणावे लागते, म्हणजे सुमारे ६५.७ बिंदू. आता उदाहरण घ्या. निर्देशांक १४० वरून १४७ झाला, महागाई बरोबर ५ टक्के वाढली. १९६० च्या मालिकेत हे होतात ४६० बिंदू. दर बिंदूला २ रुपये असतील तर भत्ता ९२० नी वाढतो. पण ४०,००० पगाराची किंमत टिकवायला २,००० लागले असते. म्हणजे भरपाई निम्म्याहूनही कमी. आणि करारात मालिकेचे नावच नसेल, नुसते ‘दर बिंदूला २ रुपये’ असेल, तर कंपनीचा हिशोबनीस सातला दोनने गुणून १४ रुपये देईल आणि भांडण न्यायालयात जाईल. मालिका, केंद्र (कोणत्या शहराचा निर्देशांक), जोडगुणक (एका मालिकेतून दुसरीत नेण्याचे वरचे आकडे), दर आणि कोणत्या तिमाहीची सरासरी कोणत्या महिन्यापासून लागू, हे पाचही लिहा. पूर्ण निर्देशांक जोडायला कंपनी तयार नसेल तर निदान एवढे मागा: महागाई ठरावीक टक्क्यांच्या वर गेली तर दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी स्थिर भत्त्याचा फेरविचार होईल.

आता बारा टक्के उत्पादन. इथे कमिटीतले जुने लोक सावध असतात आणि तरुण म्हणतात, होईल की. प्रश्न होण्या-न होण्याचा नाही, बारा टक्के कशावर हा आहे. मागच्या करारातल्या मानकावर की आजच्या प्रत्यक्ष सरासरीवर? मानक १०० असेल आणि लाइन आज १०८ देत असेल, तर मानकावर बारा म्हणजे ११२, अजून चार द्यायचे. प्रत्यक्षावर बारा म्हणजे १२१. एका शब्दाने कामाचा भार कितीतरी बदलतो.

हे प्रत्येक मशीनवर जाऊन तपासा. आठ तासांची पाळी, ४८० मिनिटे. जेवण आणि दोन चहा वजा केले तर ४३० उरतात. एका नगाला ७२ सेकंद लागत असतील तर एकही सेकंद न थांबता ३५८ नग होतात. ८५ टक्क्यांनी धरले तर आजचे ३०५ येतात. त्यावर १२ टक्के म्हणजे ३४१, आणि ३४१ म्हणजे ९५ टक्के. तो मधला पंधरा टक्क्यांचा अवकाश कशाचा होता? पाणी प्यायचा, लघवीला जायचा, पाठ सरळ करायचा, गेज लावून नग तपासायचा. बारा टक्के तिथून काढले तर दोन वर्षांत मणक्याची आणि मनगटाची दुखणी सुरू होतात, आणि ती मेडिक्लेमवर येतात. तीच वाढ नवा फिक्स्चर बसवून, नगाचा वेळ ७२ वरून ६४ सेकंदांवर आणून होत असेल तर खुशाल द्या. म्हणून करारात लिहा की उत्पादनवाढ मशीननिहाय संयुक्त टाइम स्टडी (कामाला लागणाऱ्या वेळेची दोन्ही बाजूंनी मिळून मोजणी) करून, विश्रांतीची टक्केवारी कायम ठेवून ठरेल. वीज गेली, माल आला नाही, साचा बदलला, मशीन बंद पडले, तर तो वेळ वजा. आणि ‘उद्दिष्ट गाठले नाही तर त्या प्रमाणात वेतनवाढ कापली जाईल’ असे वाक्य मसुद्यात कुठे दडलेले असेल तर ते काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. मालाची ऑर्डर आणणे कंपनीचे काम आहे. ऑर्डर नाही म्हणून नग झाले नाहीत, याची कपात कामगाराच्या स्लिपवर येता कामा नये.

बोनसचा मुद्दा पटकन संपवतो. कायद्याचा बोनस किमान ८.३३ आणि कमाल २० टक्के, पण तो महिना २१,००० पर्यंतच्या वेतनालाच लागू होत आला आहे. वाढीनंतर, वर सांगितलेल्या नव्या व्याख्येने मोजले तर, तुमचे बहुतेक सभासद त्याच्या वर जातात. त्यांना दिवाळीला मिळते ते सानुग्रह, आणि त्याचा सगळ्यात भक्कम आधार तुमचा करारच आहे. तीनही वर्षांची रक्कम आणि देण्याची तारीख लिहून घ्या. ‘परस्पर चर्चेने ठरवू’ असे शब्द ठेवले तर दर दिवाळीला नवा संघर्ष. मृत्यू साहाय्य योजनेत कामगारांच्या वर्गणीइतकी रक्कम कंपनी घालते का, तेही पाहा. या पट्ट्यात बऱ्याच कंपन्या घालतात, आणि घरातला कर्ता माणूस गेलेल्या कुटुंबाला करारातली ही एक ओळ वर्षभर तगवते.

मंदीच्या युक्तिवादाला ऐकीव उत्तर देऊ नका. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून कंपनीचे वार्षिक ताळेबंद मिळतात. तीन वर्षांचे काढा. विक्रीच्या किती टक्के कामगार खर्च आहे आणि तो वाढतो आहे की घटतो आहे, एवढे दोन आकडे काढले तरी बैठकीचा सूर बदलतो. न्यायालये वेतन ठरवताना त्याच उद्योगातल्या, त्याच प्रदेशातल्या, त्याच आर्थिक ताकदीच्या कंपन्यांशी तुलना करतात. शेजारची कंपनी मोठी बहुराष्ट्रीय असेल आणि तुमची मधली पुरवठादार, तर तिचा आकडा दाखवून फार उपयोग नाही. तुमच्यासारख्या तीन पुरवठादारांचे करार जमवा. संघटना एकमेकांना प्रती देतात, मागायची लाज वाटू देऊ नका.

कागद कोणत्या कलमाखाली करायचा, हेही तुम्ही विचारले आहे. दोन्ही पक्षांनी आपसात केलेला करार, ज्याला सगळे अजून जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलमावरून १८(१) म्हणतात, तो सही करणाऱ्यांनाच बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला १२(३) चा करार आजच्या आणि उद्या येणाऱ्या सगळ्या कामगारांना बांधतो. नव्या संहितेतही हा भेद कायम आहे. तुमच्या कारखान्यात दुसरी संघटना नसेल तर १८(१) पुरतो, पण फुटीची शक्यता दिसत असेल तर कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन समेटातच सह्या करा. संहितेप्रमाणे ५१ टक्के सभासद असलेली संघटना वाटाघाटी करणारी एकमेव संघटना ठरते, तेव्हा सभासद नोंदवही आणि वर्गणीच्या पावत्या आजच नीट लावून ठेवा. सहीआधी सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या, आणि त्या सभेत आकडा नव्हे, पूर्ण मसुदा मराठीतून वाचून दाखवा. एकदा सही झाली की ‘बाकी मान्य, हे कलम तेवढे नको’ असे म्हणता येत नाही. करार तुकड्यातुकड्यांनी तपासायचा नसतो, पूर्ण पाहायचा असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने हर्बर्टसन्सच्या खटल्यात १९७० च्या दशकातच ठरवून टाकले आहे.

शेवटचा मुद्दा तुमच्या प्रश्नात नाही, पण तुमच्या तक्त्यात आहे. तळाशी बारीक अक्षरात लिहिले आहे की हा करार सहीच्या तारखेला पटावर असलेल्या कायम कामगारांनाच लागू राहील आणि त्यानंतर कायम होणाऱ्यांना ‘वेगळी वेतनश्रेणी’ असेल. ही ओळ मान्य करू नका. २४० कायम कामगारांच्या शेजारी त्याच लाइनवर ट्रेनी, ॲप्रेंटिस आणि ठेकेदाराची मुले तेच नग काढताहेत. मुदतबंद नेमणुकीच्या कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन आणि लाभ, आणि एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी, एवढे तरी संहितेने मान्य केले आहे. तुमच्या कराराने त्याहून मागे जाऊ नये. आज वेगळी श्रेणी मान्य केली तर दहा वर्षांनी कारखान्यात दोन पगारांची दोन माणसे एकाच मशीनवर असतील, स्वस्त माणसांची संख्या जास्त असेल, आणि तेव्हा तुमच्या संघटनेच्या मागणीपत्राला कोणी विचारणार नाही. त्याऐवजी उलट दोन कलमे मागा: दर वर्षी ठरावीक संख्येने ट्रेनी याच श्रेणीत कायम होतील, आणि ठेकेदाराच्या कामगारांना किमान वेतनाच्या वर दर वर्षी अमुक वाढ मिळेल. दुसऱ्या कलमासाठी कंपनी म्हणेल, ते आमचे कामगार नाहीत. ठेकेदाराचे बिल कोण मंजूर करते, एवढेच विचारा.

पुढच्या बैठकीला जाताना कोरा आकडा मागू नका, आपला तक्ता घेऊन जा: १५,००० तेच, बस-कॅन्टीन बाहेर, निम्मी वाढ मूळ पगार व महागाई भत्त्यात तीन वर्षांत विभागून, टप्पे ६०-२०-२०, तारीख जुन्या कराराच्या समाप्तीपासून, उत्पादनवाढ मशीननिहाय, आणि ती तळाची ओळ खोडलेली. बैठक संपली की त्याच दिवशी टिपण लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, म्हणजे तोंडी मान्य केलेले पुढच्या वेळी विसरले जाणार नाही. मसुदा आला की पाठवा, कलमवार पाहून देतो.